सायनससाठी नेमकं कुठलं औषध? यंदाचा चौथा कोर्स संपवून विचारतोय

वडगावचा माग | 8 जुलै, रात्री 10.12

नमस्कार मंडळी. वय 41. बेळगावच्या वडगावात चार माग आहेत, दिवसभर सुताच्या तुसात बसणं. जानेवारीपासून सायनसनं जीव नकोसा केलाय. डावा गाल जड, खाली वाकलं की डोळ्याखाली ठणका, आणि नाकाच्या मागून घशात सारखं काहीतरी झिरपायलंय.

मेडिकलमध्ये जाऊन "सायनस" एवढंच म्हटलं की पुडी तयार. तीन दिवसांची अँटिबायोटिक, एक सर्दीची, एक दुखण्याची, एक ॲसिडिटीची. चार दिवस बरं वाटतं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मागच्या खेपेला "आता जरा पॉवरचं देतो" म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. ते संपायच्या आधीच टाचेच्या वरची शीर धरली, जिना उतरताना कळ येते. त्याचा ह्याच्याशी संबंध नसेल, तरी सांगून ठेवतो.

तर प्रश्न असा, की सायनसला सगळ्यात चांगली अँटिबायोटिक कुठली? बायको म्हणते पाऊस गेला की आपोआप जाईल. आमच्याकडचा पाऊस कधी जातो ते तुम्हाला माहीतच आहे.

मच्छे फाउंड्री | 8 जुलै, रात्री 10.40

भावा, मला पण हायच की. मी गोळ्या सोडून दिल्या. नाकात दोन थेंब टाकायचे, दोन मिनिटांत नाक मोकळं. सहा वर्षं झाली.

चिकोडीचे काका | 9 जुलै, सकाळी 6.25

वडगावकर, टाचेचं आधी बोलू. लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्यांनी स्नायूबंध दुखावतात, त्यातही टाचेचा सगळ्यात जास्त. क्वचित तुटतोसुद्धा. संबंध नसेल असं म्हणू नका. त्यातली एखादी गोळी उरली असली तर घेऊ नका, पळापळ आणि ओझं उचलणं बंद ठेवा आणि आजच डॉक्टरांना पाय दाखवा. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2016 मध्येच बजावलंय, की सायनससारख्या दुखण्याला दुसरा पर्याय असेल तर ह्या गोळ्या वापरू नयेत. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही चालतं. कुणाच्या अंगात टीबी लपलेला असला तर थोडे दिवस दबून राहतो आणि निदान लांबतं. आपल्या देशात ही काही लहान गोष्ट नव्हे.

मी 34 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो, म्हणून थोडं घरचं उणं काढतो. लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम ही औषधं एच-वन यादीत आहेत. मार्च 2014 पासून नियम असा, की चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. लाल चौकटीतली सूचना पाकिटावरच छापलेली असते. तुम्हाला नुसत्या तोंडी सांगण्यावर पट्टी कापून मिळाली, म्हणजे त्या रजिस्टरात काय लिहिलं असेल ते मला विचारू नका.

आता "सगळ्यात चांगली अँटिबायोटिक". खरोखर जंतूंचा सायनस असेल तर पहिली पसंती साध्या अमॉक्सिसिलिनला, नाहीतर त्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेल्या गोळीला. हीच ती सगळ्यांना ठाऊक असलेली 625, म्हणजे 500 अधिक 125. मोठ्या माणसाला साधारण पाच ते सात दिवस पुरते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन, पण ती भरपूर पाण्याबरोबर आणि बसून घ्यायची. घेतली आणि आडवे झालात तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

आणि तीन दिवसांची म्हणजे अझिथ्रोमायसिनच असणार. ती खपते का, तर दिवसाला एक गोळी, तीन दिवसांत काम खल्लास, गिऱ्हाईक खूश. पण सायनसमध्ये जो न्यूमोकॉकस नावाचा जंतू सापडतो, तो आता तिला फारसा जुमानत नाही. म्हणून सायनससाठी ती पहिली म्हणून द्यायची नाही, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात.

शहापूरची सून | 9 जुलै, सकाळी 9.50

काका, 625 बद्दल एक. आमच्या सासूबाईंना दिली होती, दोन दिवस नुसते जुलाब आणि मळमळ. पाकिटावर मेडिकलवाल्यानं कन्नडमध्ये "ऊटद नंतर", म्हणजे जेवणानंतर, असं लिहिलेलं. त्या बोलतात फर्डं कन्नड, पण शाळा मराठीत, लिहिलेलं वाचता येत नाही. अनशापोटी घेत होत्या.

चिकोडीचे काका | 9 जुलै, सकाळी 10.05

जेवणाला सुरुवात करतानाच घ्यायची ती, पोटाला सोसते. जुलाब तरीही होऊ शकतात, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा तो गुणच आहे. आणि ही गोळी घेतल्यावर कुणाचे डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच दाखवायचं.

मी तर गिऱ्हाईकाला विचारायचो, मराठी की कन्नड? काहींना दोन्ही नको असायचं, त्यांना सूर्य आणि चंद्र काढून द्यायचो.

खानापूर ड्यूटी | 9 जुलै, रात्री 11.30

ओपीडी संपवून आलोय, त्यामुळे थोडं लांबेल.

काकांनी औषधं बरोबर सांगितली, पण त्याच्या आधीची पायरी राहिली. आपण ज्याला सायनस म्हणतो त्यातले बहुतेक सर्दीच्या विषाणूंचे असतात, आणि विषाणूवर कुठलीच अँटिबायोटिक चालत नाही. सर्दीतून जंतूंचा सायनस होण्याचं प्रमाण मोठ्या माणसांत शंभरात दोनाच्या वर जात नाही. लोक शेंबडाचा रंग दाखवतात, "डॉक्टर, हिरवा आलाय". हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी येतो.

मी रंग बघत नाही, दिवस मोजायला सांगतो. दहा दिवस झाले आणि काडीचाही फरक नाही, तर जंतूंचा संशय. किंवा सुरुवातीलाच 102 च्या वर ताप, सोबत पू आणि गाल दुखतोय, असं सलग तीन-चार दिवस. किंवा तिसरा प्रकार, सर्दी बरी होत आली आणि सहाव्या-सातव्या दिवशी उलटून जास्त झाली. ह्या तिन्हींत मी अँटिबायोटिकचा विचार करतो. तेव्हासुद्धा अंगकाठी ठीक असेल आणि माणूस परत दाखवायला येणार असेल, तर आणखी थोडं थांबायला हरकत नसते. अँटिबायोटिक न घेताही जवळपास निम्मे लोक आठवड्यात बरे होतात आणि दोन आठवड्यांत तिघांतले दोघे. ओपीडीत हे सांगितलं की लोक माझ्याकडे "ह्याला काही येत नाही" अशा नजरेनं बघतात, आणि तडक जांबोटी क्रॉसवरच्या दुकानात जातात.

ह्या दिवसांत काय घ्यायचं? दुखण्याला पॅरासिटामॉल. पुडीतल्या डायक्लोफेनॅकपेक्षा किडनीला आणि बीपीला ते बरं. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. ॲलर्जीची पार्श्वभूमी असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. सर्दीच्या गोळीत फिनाइलेफ्रिन असतं. 2023 मध्ये अमेरिकी औषध खात्याच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं, की तोंडानं घेतल्यावर ते चोंदलेलं नाक उघडत नाही. आपल्याकडे अजून सर्रास खपतंय. बीपीवाल्यांनी आणि प्रोस्टेटवाल्या आजोबांनी तर जपूनच. चार वर्षांखालच्या पोराला ही सर्दीची मिश्रणं अजिबात नकोत.

वडगावकर, तुमचा त्रास जानेवारीपासूनचा. बारा आठवड्यांच्या वर गेला की त्याला जुनाट म्हणतात, आणि तिथे "कुठली अँटिबायोटिक" हा प्रश्नच चुकीचा. नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं आत बघायला हवं, गरज पडली तर सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेवर पैसे घालवू नका.

संकेश्वर मिरची | 10 जुलै, सकाळी 8.15

स्प्रेमध्ये स्टेरॉइड म्हटल्यावर आमच्या घरात कुणी हात लावत नाही. सवय लागते म्हणे.

खानापूर ड्यूटी | 10 जुलै, दुपारी 2.00

उलटं आहे. स्टेरॉइडच्या स्प्रेची सवय लागत नाही, रक्तात फारच थोडा जातो. फक्त लगेच गुण येत नाही, दोन आठवडे नेमानं मारावा लागतो. मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या दिशेला. जोरात ओढायचा नाही, नाहीतर सगळा घशात. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं, मग लोक म्हणतात स्प्रे सोसला नाही.

सवय लागते ती मच्छेवाल्या भावाच्या थेंबांची.

मच्छे फाउंड्री | 10 जुलै, रात्री 9.20

आता मला धरलं का! पण खरं सांगू, खोटं नाही. घराची चावी विसरली तर चालते, बाटली विसरली की अर्ध्या वाटेतून गाडी वळवतो. आधी दिवसातनं दोनदा टाकायचो, आता रात्री उशाला असते, तीनला उठून टाकतो. थेंब टाकले नाहीत तर नाक सिमेंट भरल्यासारखं. फाउंड्रीत वाळूची धूळ, मी म्हणत होतो धुळीनंच होतंय.

खानापूर ड्यूटी | 10 जुलै, रात्री 10.10

धुळीचाही वाटा असेल. पण झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं. औषध उतरलं की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, की परत थेंब. म्हणून ते तीन दिवस, फार तर पाच. सहा वर्षं म्हणजे भाऊ, तुमचं नाक आता थेंबांमुळेच चोंदतंय. सोडवायचा एक मार्ग असा, की स्टेरॉइडचा स्प्रे दोन्हीकडे सुरू करायचा आणि थेंब आधी एकाच नाकपुडीचे बंद करायचे. ती मोकळी राहायला लागली की दुसरी. पहिला आठवडा झोपेचं खोबरं होणार, वहिनींना आधीच सांगून ठेवा. आणि हे सगळं कानाघशाच्या डॉक्टरांना दाखवून. नाकाचा पडदा वाकडा असला तर तेही कळेल.

निपाणी | 11 जुलै, सकाळी 7.40

धुळीचं निघालं म्हणून. आमची आजी तंबाखूच्या वखारीत चाळणीला होती. पाला चाळताना जो खकाणा उडतो त्यानं नव्या बाईला पहिले आठ दिवस नुसत्या शिंका. मग नाक मरतं. आजी वर तपकीर ओढायची, म्हणायची डोकं हलकं होतं. शेवटी तिला ना मोगऱ्याचा वास यायचा ना जळलेल्या दुधाचा. आम्ही वास घेऊन सांगायचो, आजी, दूध लागलं.

वखारीत आता मास्क देतात, पण उकाड्यात कोण घालतंय.

कणकुंबीकडची | 11 जुलै, सकाळी 11.00

नाक धुवायचं म्हणताय तर मीठ किती, पाणी कुठलं ते पण सांगा की. आमच्याकडं विहिरीचं पाणी पावसाळ्यात चहासारखं. आणि माझी भावजय पाच महिन्यांची आहे, तिला नाकानं झोप नाही. तिला काय चालेल?

चिकोडीचे काका | 11 जुलै, दुपारी 12.30

पाणी उकळलेलंच पाहिजे, यात सूट नाही. खळखळून एक मिनिट उकळायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. अर्धा लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. चुरचुरलं तर मीठ थोडं कमी. विहिरीचं, नळाचं, बोअरचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या वाचल्या असतील. तो पिण्यातून जात नाही, नाकातूनच वर चढतो. भांडं रोज धुऊन वाळवायचं.

भावजयीला मिठाचं पाणी आणि दुखलं तर पॅरासिटामॉल. डॉक्सिसायक्लिन नको, लिव्होफ्लॉक्सासिन नको, सर्दीची गोळी नको. जंतूच निघाले तर गरोदरपणात अमॉक्सिसिलिन चालते, पण ती तिच्या डॉक्टरांनी लिहायची. शेवटच्या महिन्यांत पुष्कळ बायकांचं नाक नुसतं गरोदरपणामुळेच चोंदतं, बाळंत झाल्यावर सुटतं.

वाफेचं म्हणाल तर बरं वाटतं, त्यापलीकडे फार नाही. लहान मुलांना मात्र उकळत्या पातेल्यावर धरू नका. भाजलेली पोरं बघितलीत मी.

हिंडलगा | 11 जुलै, रात्री 8.45

एक जड गोष्ट लिहितो. 2021 च्या मे महिन्यात मोठ्या काकांना कोविडनंतर नाक चोंदलं. साखर चारशेच्या आसपास. गावातल्या एकानं सायनस म्हणून दंडात इंजेक्शन दिलं, वर स्टेरॉइडच्या गोळ्या. दोन दिवस छान वाटलं. तिसऱ्या दिवशी अर्धा गाल बधिर, पापणी खाली आणि एकाचे दोन दिसायला लागले. काळी बुरशी. ॲम्फोटेरिसिन बीची इंजेक्शनं मिळवायला धाकटा भाऊ गोवा, हुबळी, कोल्हापूर फिरला. काका वाचले, डोळा गेला.

म्हणून मधुमेहवाल्यांनी पुडी बांधून आणूच नका. गाल बधिर, दोन दिसणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, डोळा सुजून बाहेर आल्यासारखा, मान ताठ, असं काही दिसलं तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल.

टिळकवाडी थर्ड गेट | 11 जुलै, रात्री 9.30

वाचून काटा आला.

माझं दुसऱ्या टोकाचं. बारा वर्षं "सायनसचं डोकं" म्हणून औषधं खाल्ली. नाक कधी वाहिलंच नाही, ताप नाही, पण कपाळ आणि डोळ्यामागं ठणकायचं, उजेड नको व्हायचा, मळमळायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, हे मायग्रेन. 2004 च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांना तपासलं, तर 88 टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. मी त्यातलीच.

येळ्ळूर | 11 जुलै, रात्री 10.00

ऑपरेशनपर्यंत गेलं तर खर्चाचं काय? महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली ना? का तिथं पण आपल्याला

संपादक मंडळ | 11 जुलै, रात्री 10.04

येळ्ळूरकर, योजनेचा धागा वेगळा आहे, तिथे 300 प्रतिसाद झालेत. इथे फक्त नाक.

दंतकथा | 12 जुलै, सकाळी 9.15

वडगावकर, सगळं वाचलं. मी दातांच्या दवाखान्यात असते म्हणून विचारते. दुखतंय ते फक्त डावीकडेच का? झिरपतं त्याला वास किंवा घाण चव आहे का? आणि वरच्या डाव्या दाढेचं कधी काम झालंय?

वडगावचा माग | 12 जुलै, दुपारी 1.20

ताई, तुम्हाला कसं कळलं? डावीकडेच. वास असा येतो की जवळ बसून बोलायला लाज वाटते, ते लिहायलाच नको वाटलं. वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनॉल झालंय, तीन वर्षं झाली, वर टोपी आहे. पण दाढ अजिबात दुखत नाही.

दंतकथा | 12 जुलै, दुपारी 1.45

शीर काढलेली दाढ दुखणार कशी? गालातल्या सायनसचा तळ म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांचं छप्पर. मध्ये पातळसं हाड, काहींच्यात नुसता पडदा. मुळाशी जंतू राहिले की पू तोंडात न येता वर सायनसमध्ये जातो. खूण ही, की एकाच बाजूला, वास, आणि अँटिबायोटिक घेतली की थांबतं, सोडली की परत. मूळ आत तसंच असतं ना. नाकाच्या डॉक्टरांकडे जाच, पण दाढेचं सांगा आणि सीटीत दातांची मुळं पण बघायला सांगा. नुसतं सायनस बघून रिपोर्ट आला तर दाढ राहून जाते.

चिकोडीचे काका | 12 जुलै, दुपारी 2.10

34 वर्षांत मी हा प्रश्न एकाही गिऱ्हाईकाला विचारला नाही.

वडगावचा माग | 30 ऑगस्ट, रात्री 9.00

मंडळी, उशीर झाला, गणपतीची गडबड.

पायाचं आधी. तीन आठवडे टाच जपली, आता जिना उतरतो. लिव्होफ्लॉक्सासिन सोसत नाही असं कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय.

नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, डावीकडे पू दिसला. सीटीत डावा सायनस निम्म्याच्या वर भरलेला, उजवा स्वच्छ, आणि दाढेच्या एका मुळाभोवती हाड खाल्लेलं. त्या दाढेला मुळातला एक नळ भरायचाच राहिला होता. ज्यांनी केलं त्यांच्याकडं परत गेलो नाही. दुसरीकडे टोपी काढून नव्यानं रूट कॅनॉल करून घेतलं. एकच अँटिबायोटिक दिली, 625, सात दिवस. जेवणाबरोबर घेतली! मिठाचं पाणी दोन वेळ. सहा आठवड्यांनी परत बघणार आहेत, सायनस मोकळा झाला नाही तर दुर्बिणीचं ऑपरेशन लागेल म्हणालेत. पण वास दहाव्या दिवशीच गेला. परवा बायकोनं मोदक करताना विचारलं, वेलदोडा जास्त झाला का, आणि मला चक्क कळलं, जास्त झाला होता.

मच्छे फाउंड्री | 30 ऑगस्ट, रात्री 9.25

अभिनंदन भावा. माझी उजवी नाकपुडी 19 दिवस बिनथेंबाची. डावीची बाटली अजून उशाला हाय.